मामा तलावातल्या माशांचा सर्व्हे: जाळ्यात ९३ टक्के तिलापिया, रोहू नावालाच. आकडे कसे वाचायचे?

पाळीवरून (प्रश्न)

भंडारा जिल्ह्यातला एक माजी मालगुजारी (मामा) तलाव आमच्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे. ऑक्टोबरात पाणपसारा १८ हेक्टर असतो, सरासरी खोली १.६ मीटर, पाळीजवळ ३ मीटर. धानाला पाणी सुटलं की फेब्रुवारीत ८ हेक्टर आणि सरासरी ०.९ मीटर एवढंच उरतं. ऑगस्टमध्ये कटला, रोहू, मृगळ मिळून ३६,००० बीज सोडलं. बिलावर ‘बोटुकली’ (बोटभर वाढलेलं बीज) होतं, पट्टीवर ३ ते ४ सेंमी भरलं. तेव्हा सांडवा चालू होता.

ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत एकेका रात्रीचा सर्व्हे केला. दोन्ही वेळा तीच चार गिलजाळी, प्रत्येकी ५० मीटर लांब, १.५ मीटर उंच, सगळ्यांचा आस (जाळ्याच्या घराची ताणलेली लांबी) ५० मिमी. संध्याकाळी लावली, सकाळी काढली. ऑक्टोबरात एकूण १३.५ किलो, फेब्रुवारीत २७ किलो.

फेब्रुवारीची फोड अशी: तिलापिया २१२ नग, १७ किलो. सायप्रिनस (कॉमन कार्प) ६ नग, ४.२ किलो. मरळ ३ नग, २.३ किलो. मृगळ ४ नग, १.६ किलो. रोहू २ नग, १ किलो (एक ३४ सेंमी ५२० ग्रॅम, दुसरा ३३ सेंमी ४८० ग्रॅम). कटला १ नग, ९०० ग्रॅम. फेकजाळ्यात काठाला ११ सेंमीच्या तिलापियाच्या माद्याही आल्या, तोंडात अंडी असलेल्या.

संस्थेत दोन तट आहेत. एक म्हणतो, चार महिन्यांत मासळी दुप्पट झाली, मग चिंता कसली. दुसरा म्हणतो, तिलापियानं रोहू संपवला, मोहाची पेंड (तिच्या विषानं मासे मरतात) टाकून तलाव साफ करा. या आकड्यांवरून नेमकं काय म्हणता येतं? आणि तलावात एकूण मासे किती, हे काढायची साधी रीत कोणती?

जलजीव

सर्व्हे अपुरा आहे, पण तुम्ही पसारा, खोली, आस आणि नगांची लांबी लिहून ठेवली म्हणून त्यातून बरंच काढता येतं. बहुतेक ठिकाणी नुसते किलो लिहितात आणि मग काहीच हाती लागत नाही.

आधी ‘दुप्पट’ बघू. चार जाळ्यांचं मिळून ३०० चौरस मीटर. ऑक्टोबरात १०० चौरस मीटरला एका रात्रीत ४.५ किलो, फेब्रुवारीत ९ किलो. पण त्याच काळात पसारा १८ वरून ८ हेक्टरवर आला. तेच मासे निम्म्याहून कमी जागेत कोंबले गेले, तर जाळ्याला जास्त लागणारच. ढोबळ तुलना करायची तर दराला पसाऱ्यानं गुणा: ४.५ गुणिले १८ म्हणजे ८१, आणि ९ गुणिले ८ म्हणजे ७२. हे किलो नव्हेत, हा फक्त निर्देशांक. म्हणजे साठा दुप्पट झालेला नाही, होता तिथेच आहे किंवा थोडा उतरलाय. एकेका रात्रीच्या जाळ्यावरून ८१ आणि ७२ यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे सांगता येत नाही.

आता रोहू. गिलजाळं सगळे मासे सारखे पकडत नाही. डोकं आत शिरेल आणि धड अडकेल अशा जाडीचाच मासा त्यात राहतो. ढोबळ हिशोब असा की रोहू-मृगळसारखा लांबट मासा आसाच्या पावणेचार ते चारपट लांबीचा असेल तेव्हा सर्वांत जास्त अडकतो, तिलापियासारखा रुंद मासा साधारण तिप्पट लांबीचा असताना. ५० मिमी आसाला रोहू १९–२० सेंमीचा आणि तिलापिया १५ सेंमीचा. तुमचा तिलापिया नगाला सरासरी ८० ग्रॅम आहे, म्हणजे १५–१६ सेंमी. तेव्हा ‘९३ टक्के तिलापिया’ हा तलावाचा आकडा नाही, ५० मिमी आसाचा आहे. किलोभर वजनाचा रोहू ४० सेंमीच्या पुढे असतो, त्याला १०० ते ११० मिमी आस लागतो. तुमच्या जाळ्याला तो टक्कर देऊन वळतो. जे दोन रोहू आले ते बहुधा पर किंवा जबडा गुंतून आले असणार, गळ्यात अडकून नव्हे. तलावात मोठे रोहू किती, हे या सर्व्हेवरून कळणारच नाही.

पण याचीच दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ऑगस्टमध्ये सोडलेलं बीज जगलं असतं तर फेब्रुवारीत १८ ते २५ सेंमीचं झालं असतं. त्यातला मोठा भाग म्हणजे तुमच्या ५० मिमी जाळ्याचा हक्काचा मासा! तो एकही नाही. आलेले दोन्ही रोहू नक्कीच आणि चारही मृगळ वजनावरून आधीच्या वर्षीच्या सोडणीतले दिसतात. म्हणजे यंदाची रोहू-मृगळची सोडण वाया गेली, असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. कटल्याबद्दल तेवढ्या खात्रीनं नाही. तो अंगानं रुंद, वाढीला झपाट्याचा. सहा महिन्यांत ५० मिमीच्या पुढे गेलेला असू शकतो.

तिलापियानं रोहू उपाशी मारला का? जे दोन रोहू सापडले त्यांची प्रकृती बघा. वजन ग्रॅममध्ये गुणिले १००, भागिले लांबीचा घन सेंमीमध्ये. ५२,००० भागिले ३९,३०४ म्हणजे १.३२. दुसऱ्याचं १.३४. हे चांगले भरलेले मासे आहेत. खाणं कमी पडत असतं तर ३४ सेंमीचा रोहू ४०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १ च्या जवळ रेंगाळला असता. दोनच नग आहेत हे खरं, वीस-पंचवीस मोजा मग ठाम बोला. पण सध्या तरी खूण अशी की वाढलेल्या माशाला अन्न आहे, लहान मासा मोठा होईपर्यंत टिकत नाही. दोन्ही आजारांचे उपाय वेगळे आहेत.

आणि हे विसरू नका की रोहू, कटला, मृगळ तलावाच्या थांबल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुल इथं हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियुष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून बीज केंद्रावर तयार होतं. तलावातला रोहू म्हणजे तुम्ही सोडलेला वजा मेलेला, वजा सांडव्यातून गेलेला, वजा चोरीला गेलेला. तिलापियाचं तसं नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा कोणी न सोडता वाढत जातो. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, ऊब असेल तर महिना-दीड महिन्याला नवी वीण. गर्दी झाली की ८–१० सेंमीलाच वयात येतो आणि तिथेच खुरटतो. तुमच्या ११ सेंमीच्या अंडीवाल्या माद्या तेच सांगून राहिल्यात. उजनी धरणात चिलापीचा (तिथं तिलापियाला हेच नाव) असाच सुकाळ आहे, पण तिथलं पाणी आणि बाजार दोन्ही वेगळे. तिथला हिशोब १८ हेक्टरच्या तलावाला लावू नका.

जाळंपाग

जलजीव भाऊंचं आसाचं म्हणणं शंभर टक्के. पुढच्या वेळी जाळी अशी न्या: २५, ४०, ५०, ७५, १०० आणि १३० मिमी. प्रत्येकाचा ३० मीटरचा तुकडा पुरे. आस मोजताना जाळं ताणून एका गाठीच्या मध्यापासून समोरच्या गाठीच्या मध्यापर्यंत धरा. दुकानदार कधी ताणलेला आस सांगतो, कधी एका बाजूची लांबी, आणि हिशोब थेट निम्म्यावर येतो. दहा आस सलग ताणून मोजा आणि दहानं भागा. जुनं जाळं आक्रसलेलं असतं, छापील आकड्यावर जाऊ नका.

सगळे तुकडे एका ओळीत जोडून लावत असाल तर क्रम दर रात्री बदला. लहान आस कायम काठाकडे आणि मोठा कायम खोल पाण्यात ठेवला, तर मासा आसामुळे कमी आला की जागेमुळे, हे कळत नाही. जागा तीन धरा: पाळीजवळचं खोल पाणी, मधला भाग, आणि नाला येतो तो उथळ वनस्पतीचा भाग. प्रत्येक जागी निदान दोन रात्री. जाळं काठाला काटकोनात लावा, काठाला समांतर नको, कारण काठाकाठानं फिरणारा मासा काटकोनातल्या जाळ्यात अडतो. लावल्याची आणि काढल्याची वेळ घड्याळात बघून लिहा. ‘एक रात्र’ म्हणजे डिसेंबरात साधारण तेरा तास होतात आणि मेमध्ये अकरा.

जाळं रात्रभर तसंच सोडू नका, मध्यरात्री एकदा फिरा. कारणं दोन. भरलेल्या जाळ्यात पुढचा मासा येत नाही, त्यामुळे जिथं खूप मासा आहे तिथंच आकडा कमी दिसतो. दुसरं, पाण्यातली कासवं अडकतात आणि श्वास कोंडून मरतात. कासवाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, जिवंत सापडलं की तिथंच सोडायचं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या ज्या तलावांच्या उथळ कडेला सारस उतरतात तिथं ती कड जाळ्यासाठी वगळा, तेवढ्यानं सर्व्हे बिघडत नाही.

२५ मिमी आसातही न अडकणारा बारका मासा गिलजाळ्यानं मोजायच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी १० मिमी आसाचं फेकजाळं, ठरलेल्या जागी ठरलेले फेक. सगळे फेक एकाच माणसाचे हवेत, कारण एकाचं जाळं पूर्ण गोल पडतं आणि दुसऱ्याचं अर्धं. फेक नीट उघडला नाही तर तो मोजायचा नाही, पण वहीत ‘रद्द’ म्हणून लिहायचा. तलावातल्या गावठी लहान मासळीचा पत्ता याच जाळ्यात लागतो. तुमच्या यादीत ती एकही नाही, म्हणजे तलावात नाही असं नव्हे. धीवर घरात रोजच्या कालवणात जाणारा मासा तोच. संस्थेच्या विक्रीच्या वहीत तो कधीच येत नाही आणि मग सर्व्हेतूनही सुटतो.

एक विचारायचं राहिलं: फेब्रुवारीत जाळी कुठं लावली होती? १.५ मीटर उंच जाळं ०.९ मीटर पाण्यात लावलं तर खालचा भाग चिखलात गोळा होतो.

पाळीवरून

बरोबर, फेब्रुवारीत चारही जाळी मधल्या भागात होती, पाणी कमरेच्या थोडं खाली. खालची दोरी गाळात बसली होती. मग ३०० चौरस मीटर धरणं चूक ना?

आकडेवाला

चूकच. प्रत्यक्षात मासे धरणारं जाळं २०० मीटर गुणिले ०.९, म्हणजे १८० चौरस मीटर. २७ किलोला १०० चौरस मीटरमागे १५ किलो पडतात, ९ नव्हे. मग तुलना पसाऱ्याऐवजी पाण्याच्या घनफळावर करा. ऑक्टोबर: १८ हेक्टर गुणिले १.६ म्हणजे २८.८ हेक्टर-मीटर, गुणिले ४.५, म्हणजे १३० च्या आसपास. फेब्रुवारी: ७.२ हेक्टर-मीटर गुणिले १५, म्हणजे १०८. निष्कर्ष तोच, मासळी वाढलेली नाही. दोन वेगळ्या रीतींनी एकच दिशा दिसली एवढंच समाधान. त्यात फेब्रुवारीच्या थंड पाण्यात मासा कमी हिंडतो आणि जाळ्याला कमी लागतो, तेव्हा उतार दिसतोय त्यातला काही भाग थंडीचाही असेल. वर्षावर्षाची तुलना करायची तर दर वर्षी त्याच महिन्यात आणि पाळीवरच्या त्याच पातळीच्या खुणेला करा. सर्वांत सोपं ते.

आता एकूण संख्या. खूण करून सोडा, पुन्हा पकडा. हिशोब असा: खूण केलेले अधिक १, गुणिले दुसऱ्या वेळी पकडलेले अधिक १, भागिले खूण सापडलेले अधिक १, आणि शेवटी वजा १. समजा ८६ माशांना खूण केली, दुसऱ्या वेळी ११२ पकडले, त्यांत खुणेचे ९ निघाले. ८७ गुणिले ११३, भागिले १०, वजा १, म्हणजे ९८२. पण ९८२ म्हणून मोकळे होऊ नका. याच आकड्यांवरून चुकीची मर्यादा काढली तर खरी संख्या साधारण ४६० ते १,५०० यांत कुठेही असू शकते. खुणेचे नऊच सापडले की एवढीच खात्री मिळते.

म्हणून आधी अंदाज घ्या. तिलापिया १०,००० असतील असं वाटत असेल, तर खुणेचे १० सापडायला सुमारे ३१६ ना खूण करावी लागेल आणि तेवढेच पुन्हा पकडावे लागतील. तिलापियाचं हे एक-दोन सकाळींत जमतं. रोहूचं तुमच्या तलावात जमणार नाही. खूण करायला मासेच मिळत नाहीत. रोहूसाठी सध्या मोठ्या आसाच्या जाळ्याचा दर हाच आकडा धरा.

खुणेसाठी गिलजाळ्यातला मासा घेऊ नका, त्याचे कल्ले दुखावलेले असतात. ओढजाळं किंवा फेकजाळं वापरा, डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर. हात ओले, मासा सावलीत पाण्याच्या टबात. पोटाखालच्या परांच्या जोडीतल्या डाव्या पराचा वरचा अर्धा भाग धारदार कात्रीनं कापा. मुळापासून नको, अंगाला जखम होते. पुढच्या वर्षी उजवा पर, म्हणजे जुनी खूण नव्या खुणेत मिसळत नाही. पर पुन्हा येतो, पण आलेल्या भागातल्या काड्या वाकड्यातिकड्या दिसतात, हे मोजणाऱ्याला आधी दाखवून ठेवा. खूण केलेले सगळे एकाच जागी ओतू नका, जिथं पकडले त्याच भागात सोडा. मध्ये चार ते सात दिवस जाऊ द्या.

गडबड इथं होते: खुणेचे मासे मेले तर हिशोब फुगतो. वरच्या उदाहरणात ८६ पैकी १० मेले असतील तर खरं उत्तर ८६९, आणि तुम्ही ९८२ सांगताय. म्हणून खूण केलेल्यांतले वीसेक मासे पाण्यातच बारीक आसाच्या हाप्यात (जाळीच्या पेटीत) दोन दिवस ठेवा. किती मरतात ते दिसेल, त्या प्रमाणात खुणेची संख्या कमी करा. आणि मधल्या दिवसांत संस्थेची विक्रीची मासेमारी बंद हवी. गावातल्या पोरांनी गळानं खुणेचा मासा काढला तर तो परत मोजला जाणार नाही, म्हणून सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

छोट्या कोपऱ्यात याहून सोपी रीत चालते. नाल्याच्या मुखाशी पाव हेक्टर जागा बारीक जाळ्यानं बंद करा, तळ गाळात दाबून. ओढजाळं एकदा ओढा, मासे बाहेर टबात. मग तेच जाळं, तीच माणसं, तेवढाच वेळ, पुन्हा ओढा. पहिल्यांदा ६०, दुसऱ्यांदा २४ आले, तर पहिल्याचा वर्ग भागिले दोघांतला फरक: ३,६०० भागिले ३६, म्हणजे बंद जागेत सुमारे १०० मासे होते. दुसऱ्या ओढीत पहिल्याइतकेच आले तर ही रीत तिथं लागू नाही. एक तर कुठून तरी मासे आत येताहेत, नाहीतर जाळं तळाला उचललं जातंय. बेशरमची झुडपं आणि बुंधे असलेल्या जागी तसंच होतं.

मासे दाखवणारं यंत्र घ्यावं का, असा प्रश्न हमखास येतो म्हणून आत्ताच सांगतो: नको. २० अंशांच्या शंकूचं यंत्र २ मीटर पाण्यात तळाशी जेमतेम ७० सेंमी रुंदीचं वर्तुळ बघतं. त्याच पैशात सहा आसांची जाळी येतात.

बोटुकली

मोहाच्या पेंडेवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मासे मारायला पेंडेचं प्रमाण हेक्टरला मीटरभर खोलीमागे २,५०० किलो धरतात. तुमच्या फेब्रुवारीच्या ७.२ हेक्टर-मीटरला १८,००० किलो. अठरा टन पेंड! ती आणली तरी तिलापियाबरोबर सायप्रिनस, मृगळ, गावठी मासळी, सगळं मरेल. दोन-तीन आठवडे पाण्यात विष राहील, आणि त्याच पाण्यावर गावची जनावरं आहेत. एवढं करून नहरेच्या डबक्यातून किंवा वरच्या तलावातून तिलापियाची एक तोंडभर पिल्लं आली की पुन्हा सुरुवात. पेंड ही संवर्धन तळ्याची (बीज वाढवायच्या लहान तळ्याची) गोष्ट आहे, मामा तलावाची नाही. तलाव एखाद्या उन्हाळ्यात पूर्ण आटून डबकं उरलं तरच त्या डबक्यापुरता विचार करा.

तिलापिया संपणार नाही, आवाक्यात ठेवायचा. मार्च ते मे, पाणी आकसलेलं असताना ओढजाळ्यानं जमेल तितका काढा, लहान-मोठा न बघता. ‘लहान सोडून द्या’ हा नियम रोहूला ठीक, इथं उलटा पडतो: मोठे काढून खुरटे ठेवले की पुढची वीण खुरट्यांचीच. काठाला वाटीएवढे, ताटाएवढे खड्डे दिसतात ती नरांची घरटी. पाणी उतरताना ती उघडी पडतात, कुठल्या काठाला जास्त आहेत ते टिपून ओढजाळं तिथं लावा. मरळ ठेवा, तो तिलापियाची पिल्लं खातो. पण मरळ असलेल्या तलावात ४ सेंमीचं बीज सोडणं म्हणजे मरळीला खाऊ घालणं.

हाच मूळ मुद्दा आहे. ३६,००० हा आकडा कुठून आला? १८ हेक्टरला हेक्टरी २,०००, असा सरळ गुणाकार दिसतो. पण उन्हाळ्यात ८ हेक्टरही राहत नाही. म्हणून भरल्या आणि उतरल्या पाण्याच्या मधला ढोबळ आकडा घ्या, हिशोब १० हेक्टरवर करा. हेक्टरी १५० किलो कार्प (कटला, रोहू, मृगळ) हवा असेल तर १,५०० किलो. काढताना सरासरी ८०० ग्रॅम धरला तर १,८७५ मासे हातात यायला हवेत. १० सेंमीच्या बोटुकलीतले ३५ टक्के जगतील असं धरलं तर सोडायचे साधारण ५,४००. छत्तीस हजार बारके सोडण्यापेक्षा साडेपाच हजार बोटभर सोडा. कटला, रोहू, मृगळ मी २:२:१ ठेवीन, कारण तळाचं खाणं तिलापिया आणि सायप्रिनस आधीच ओरबाडताहेत.

बोटभर बीज विकत मिळालं तर उत्तम, पण महाग पडतं आणि वेळेवर मिळत नाही. म्हणून जुलैअखेर बारकं बीज घेऊन तलावातच जाळीचं कुंपण करून वाढवा. २० बाय २५ मीटर, म्हणजे ५०० चौरस मीटर. चौरस मीटरला २० प्रमाणे १०,००० बीज. ६० टक्के जगलं तरी ६,००० हातात. जागा अशी निवडा की पाणी १ ते १.५ मीटर राहील आणि सांडव्याच्या ओढीत येणार नाही. जाळीचा आस ४ ते ६ मिमी, खालची कड ३० सेंमी गाळात, वरची कड पूर्ण भरलेल्या पातळीच्या मीटरभर वर. एका रात्रीच्या पावसानं पाणी चढलं आणि कड बुडाली की सगळं गेलं. बीज टाकण्याआधी आतला भाग बारीक ओढजाळ्यानं तीन-चार वेळा ओढा, एखादी मरळ आत राहिली तर महिनाभरात हिशोब संपतो. वरून पाणकावळ्यांसाठी दोऱ्या किंवा जुनं जाळं.

खाद्य: धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मे-निम्मे, भिजवून ट्रेमध्ये. ४ सेंमीचं बीज साधारण ग्रॅमभराचं, १०,००० म्हणजे १० किलो. सुरुवातीला वजनाच्या ८ टक्के, दिवसाला ८०० ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी पन्नास मासे तोलून खाद्य नव्यानं ठरवा आणि टक्केवारी हळूहळू ५ वर आणा. ट्रेमध्ये दोन तासांनी खाद्य उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी. जाळीला शेवाळ बसलं की आत पाणी फिरत नाही, आठवड्याला ब्रशनं घासा. ढगाळ हवा सलग राहिली तर पहाटे बघा, प्राणवायू सर्वांत कमी तेव्हाच असतो. पिल्लं पृष्ठभागाला तोंड काढून असतील तर त्या दिवशी खाद्य बंद. ऑक्टोबरात सांडवा पूर्ण थांबला की कुंपणाची एक बाजू सोडा.

पाळीवरून

हे संस्थेच्या सभेत मांडतो. दोन शंका. बीज आलं तेव्हा नग कमी की आकार लहान, हे गाडीपाशीच कसं पकडायचं? आणि खवल्यांवरून माशाचं वय कळतं म्हणतात, ते करावं का?

जलजीव

खवल्यांच्या मागे लागू नका. थंड देशांत हिवाळ्यात वाढ थांबते म्हणून कडं स्पष्ट उमटतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी आटलं, मासा उपाशी राहिला, तरी कडं पडतं. एका वर्षात दोनही दिसू शकतात. तुमच्याकडे त्याहून चांगली सोय आहे: बीज वर्षातून एकदाच, ठरावीक महिन्यात सोडता. सगळ्या रोहूंची लांबी २ सेंमीच्या गटांत मांडा, प्रत्येक वर्षाच्या सोडणीचा वेगळा उंचवटा दिसेल. ज्या वर्षाचा उंचवटा नाही ते वर्ष वाया गेलं. मात्र सहाही आसांची मासळी एकत्र करून मांडा, नाहीतर प्रत्येक उंचवटा एकेका आसाचा निघेल. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे एकदा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रोहूत दोन्हींत काही सेंमीचा फरक पडतो.

यादीत मागूर आला तर नीट बघा. गावठी मागूर असेल तर उत्तम. थाई मागूर असेल तर त्यावर बंदी आहे, तो परत पाण्यात सोडायचा नाही, मत्स्यव्यवसाय विभागाला कळवायचं. गावठीचं डोकं मागच्या बाजूला गोलसर संपतं, थाईचं मध्ये टोकदार, दोन्ही बाजूंना खाच पडल्यासारखं. मासा लहान की मोठा यावरून ओळखू नका, लहान असताना दोन्ही सारखेच दिसतात.

बोटुकली

गाडीपाशी दोन माणसं आणि एक बारीक गाळणी पुरे. पिशव्यांपैकी दहातली एक, स्वतः निवडून, पुरवठादारानं पुढे केलेली नव्हे, टबात सोडा. एक गाळणी भरून त्यातले नग प्रत्यक्ष मोजा. असं तीन वेळा करून सरासरी काढा, मग त्या पिशवीत किती गाळण्या निघतात ते मोजा आणि गुणा. गाळणी प्रत्येक वेळी सारखंच पाणी निथळून भरली पाहिजे, ओल्या गाळणीत नग कमी मावतात, गाळण्यांची संख्या फुगते आणि फरक पुरवठादाराच्या बाजूनं जातो. त्याच टबातले पन्नास नग पट्टीवर ठेवा. पन्नासांत चाळीस तरी ठरलेल्या लांबीचे नसतील तर पावतीवर तसं लिहून घ्या, सही पुरवठादाराची. लांबी आणि पैसे खरेदीच्या कागदातच जोडा, ‘बोटुकली’ एवढा शब्द पुरत नाही, ‘१० सेंमी किंवा जास्त’ असं लिहा.

पिशव्या लगेच फोडू नका. बंद पिशवी पाण्यावर १५–२० मिनिटं तरंगू द्या, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या, मासे आपोआप बाहेर येऊ द्या. दुपारी आलेली गाडी असेल तर संध्याकाळपर्यंत सावलीत थांबवा. तळाशी मेलेले किती ते पिशवीगणिक लिहा. दुसऱ्या दिवशी तरंगून वर येतात ते वेगळे मोजा, त्यांची भरपाई कोणी देत नाही पण जगण्याचा टक्का काढताना तेही लागतात.